फिरते वर्तुळ

पूर्णा जंक्शन सोडून गाडी नांदेडच्या दिशेने निघाली, की थोड्याच वेळात चुडावा हे लहानसे स्थानक लागते. बहुतेक जलद गाड्या तेथे न थांबताच पुढे जातात. परभणी जिल्ह्याच्या या टोकाला आमची कॅथलिक कुटुंबे अगदी मोजकी. बोटांवर मोजावीत आणि बोटे उरावीत इतकी. मी राहतो तेथून दुचाकीने पाऊण तास लागतो. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी ओसरीवर मिस्सा होते, आणि मिस्सेनंतर चहा उकळेपर्यंत मी त्या घरचा तंत्रज्ञ होतो.

हे पद मला कोणी दिले, ते ठाऊक नाही. पूर्वी लोक धर्मगुरूकडे पत्र वाचून घ्यायला, तहसीलचा अर्ज लिहून घ्यायला येत. आता मोबाइल घेऊन येतात. "फादर, हे बघा बरं, चालंना गेलंय." पडद्याच्या मध्यभागी एक वर्तुळ गरगर फिरत असते आणि त्यामागे कोणीतरी नट तोंड उघडे टाकून गोठलेला असतो.

ते वर्तुळ का फिरते, हे मी एकदा तेथल्या एका मावशींना समजावून सांगितले होते. सिनेमा सबंध येत नाही, मावशी. त्याचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात. प्रत्येक तुकडा स्वच्छ, मध्यम आणि अंधुक अशा अनेक प्रतींत तयार ठेवलेला असतो. तुमचा मोबाइल एकेक तुकडा मागवतो आणि पुढचे दोन-चार साठवून ठेवतो. जशी घरावरची टाकी. वरून पाइपाने पाणी येते, खाली तुम्ही नळ सोडता. पाइपाची धार बारीक झाली, की मोबाइल अंधुक प्रत मागवतो, म्हणजे पाणी कमी लागते. तरीही टाकी रिकामी झाली, की हे वर्तुळ. रात्री आठनंतर सगळा गाव एकाच टॉवरवर नळ सोडतो, म्हणून तेव्हा जास्त.

मावशींनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "मग आमच्याच गावाचा पाइप बारीक का हो, फादर?"

याचे उत्तर सेमिनरीत शिकवलेले नव्हते.

माझे बालपण नगर जिल्ह्यातील एका खेड्यात गेले. जत्रेला तंबू टॉकीज येई. जमिनीवर बसून सिनेमा पाहायचा; मधूनच रीळ तुटे, पडदा पांढरा होई आणि सगळा तंबू एका आवाजात ओरडे. त्या ओरडण्यात एक आनंद होता, हे आता जाणवते. पुढे व्हिडिओ आला. भाड्याचा संच, भाड्याच्या कॅसेट, आणि एका रात्रीत तीन सिनेमे. 1987 च्या जानेवारीत दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले, ते नेमके रविवारी सकाळी. मिशनच्या आवारात एकच संच होता आणि रविवारची मिस्साही त्याच सुमाराला असे. आमच्या मिशनच्या वृद्ध फादरांनी दोन रविवार रिकामे बाक पाहिले आणि तिसऱ्या रविवारी काही न बोलता मिस्सेची वेळ तासभर अलीकडे आणली. मिस्सा संपली, की गावातले हिंदू शेजारी, आम्ही मुले आणि स्वतः फादर असे सर्वजण त्या एका काळ्या-पांढऱ्या संचापुढे बसत असू. वीज गेली, तर सर्वांचीच जाई.

आता प्रत्येकाचे रीळ वेगवेगळ्या वेळी तुटते. घरात चार माणसे, चार मोबाइल, चार वर्तुळे.

हा बदल फार झपाट्याने झाला. अमेरिकेत नेटफ्लिक्स ही कंपनी 1997 साली स्थापन झाली, ती टपालाने सिनेमाच्या तबकड्या घरपोच देण्यासाठी. तारेवरून सिनेमा दाखवण्यास तिने 2007 साली प्रारंभ केला. आपल्याकडे हॉटस्टार 2015 च्या फेब्रुवारीत आले, नेटफ्लिक्स 2016 च्या जानेवारीत आणि अॅमेझॉनचे प्राइम व्हिडिओ त्याच वर्षीच्या डिसेंबरात. परंतु चुडाव्यासारख्या गावाला यांपैकी कोणतीही तारीख आठवत नाही. गावाला आठवतो तो 2016 चा सप्टेंबर, जिओचे फुकट सिमकार्ड आणि ते घेण्यासाठी लागलेल्या रांगा. तोवर एक जीबी डेटा आम्ही महिनाभर पुरवून वापरत होतो. पुढे तो दिवसाला एक-दीड जीबी झाला आणि रात्री बाराच्या आत संपवला नाही, तर वाया जातो म्हणून माणसे जागू लागली. अन्न टाकू नये ही आपली शिकवण डेटालाही लागू झाली म्हणायची!

त्यात चांगले काही नाही असे मी म्हणणार नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' हा मराठी चित्रपट 2020 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचे पारितोषिक मिळवून आला. अभिजात संगीताच्या मागे आयुष्य घालवून त्या उंचीला न पोहोचलेल्या गायकाची ती कथा. असा चित्रपट परभणीच्या चित्रपटगृहात लागण्याची वाट पाहिली असती, तर मी अजून पाहतच असतो. 2021 च्या एप्रिलमध्ये तो नेटफ्लिक्सवर आला आणि मी माझ्या खोलीत बसून पाहिला. जो साधक आहे परंतु सिद्ध नाही, त्याचे दुःख पन्नाशीच्या धर्मगुरूला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

आणि टाळेबंदीचे दिवस कसे विसरता येतील? 25 मार्च 2020 पासून सारे बंद झाले. 27 मार्चच्या संध्याकाळी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी सेंट पीटर्सच्या रिकाम्या, पावसाने भिजलेल्या चौकात एकट्याने केलेली प्रार्थना आपल्यापैकी अनेकांनी मोबाइलवरच पाहिली. त्यानंतरच्या रविवारी मीही धीर केला. गायनवृंदाच्या वह्या ठेवण्याच्या स्टँडला सुतळीने मोबाइल बांधला आणि रिकाम्या चर्चमध्ये मिस्सा अर्पण केली. पहिल्या रविवारी मी सर्वांना आडवा दिसलो. भक्तांनी माना वाकड्या करून प्रवचन ऐकले, असे नंतर कळले.

चुडाव्याच्या त्या मावशींचे यजमान, ज्यांना मी काका म्हणत असे, रविवारी अंघोळ करून पांढरा सदरा घालत. पाटावर मोबाइल उभा करत आणि बाजूला मेणबत्ती लावत. शुभवर्तमानाच्या वेळी ते उठून उभे राहत, आणि घरातल्या सगळ्यांना उभे करत. वर्तुळ फिरू लागले, तर फिरेपर्यंत उभेच. "तुम्ही अडकलात फादर, पण आम्ही बसलो नाही," असे त्यांनी मला पुढे सांगितले.

1958 साली पोप पायस बारावे यांनी असिसीच्या संत क्लारा यांना दूरचित्रवाणीच्या आश्रयदात्या संत म्हणून घोषित केले. तेराव्या शतकातील या संत स्त्रीने दूरचित्रवाणी कोठे पाहिली, असे नवख्याला वाटेल. परंपरा अशी, की एका नाताळच्या रात्री त्या आजारी होत्या, मंदिरात जाऊ शकल्या नाहीत आणि अंथरुणावर पडल्या पडल्याच त्यांना तेथला उपासनाविधी दिसला व ऐकू आला. त्याच पोप महोदयांनी आदल्याच वर्षी, 1957 साली, चित्रपट, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांवर परिपत्रक काढले होते, आणि पडद्यावर मिस्सा पाहणे म्हणजे प्रत्यक्ष उपस्थित राहणे नव्हे हे त्यात स्पष्ट केले होते. दोन्ही गोष्टी मला पटतात. अंथरुणावरच्या माणसासाठी भिंत उघडते. धडधाकट माणसाने मात्र चालत यावे. (आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थांनी चर्च पुन्हा उघडल्यावरही घरीच राहणे पसंत केले. कुठल्याशा मोठ्या शहरातील मिस्सा ते पाहतात, तेथला गायनवृंद चांगला आहे म्हणून. आणि प्रवचन दीडपट वेगाने ऐकतात. माझे प्रवचन असते, तर दुप्पट केले असते, असे त्यांनी मला हसत सांगितले.)

काकांच्या घरी या सेवांचा खरा उपयोग निराळाच होता. त्यांचा मुलगा पुण्याकडे कारखान्यात नोकरीला. त्याने एका सेवेची वर्गणी भरली आणि त्याच खात्यावर चुडाव्याच्या घरचा मोबाइलही जोडून दिला. रात्री पुण्यात मुलगा-सून आणि इकडे आई-वडील व शिकायला आजोळी राहिलेला लेकीचा मुलगा, एकच मालिका पाहत. दुसऱ्या दिवशी फोनवर तिच्याविषयी बोलणे. बापलेकांना एरवी बोलायला विषय नसतो. पीकपाणी, तब्येत, पैसे पोहोचले, एवढ्यावर फोन संपतो. आता त्यांना अर्धा तास पुरत नसे. मालिकेतील पोलीस अधिकारी चुकीच्या माणसाला पकडतो आहे, हे काका मुलाला पटवून देत.

2023 मध्ये त्या कंपनीने नियम बदलला. एका खात्यावर एकाच घरातली माणसे. आणि घर म्हणजे एका छपराखाली राहणारे. एका रात्री मोबाइलवर इंग्रजीत सूचना आली. नातवाने वाचून मराठीत सांगितले, "आजोबा, हा मोबाइल या कुटुंबातला नाही म्हणतेत."

काका हसले. मग म्हणाले, "बरोबर आहे. पोरगं तिकडं, आपण इकडं. त्यांना बी कळलं."

त्या हसण्यात जे होते, त्याबद्दल त्या कंपनीला मी दोष देत नाही. व्यवहार म्हणून तिचा हिशेब चुकीचा नाही. एका तिकिटावर दोघांनी बसू नये, हे एस.टी.चा कंडक्टरही सांगतो. परंतु कुटुंब म्हणजे काय, याची व्याख्या मी पूर्वविवाह शिबिरांतून इतकी वर्षे सांगत आलो, आणि ती अशी परस्पर कोणी ठरवून टाकील याची मला कल्पना नव्हती. निम्मा मराठवाडा पोटासाठी पुण्यामुंबईला गेलेला. एका छपराखाली कोण राहिले आहे?

मग नातवाने आजोबांसाठी दुसरी सेवा शोधली. पहिला महिना एक रुपयात. आजोबा गेल्यावर काही महिन्यांनी मावशींच्या बँक खात्यातून, जेथे त्यांचे श्रावणबाळ योजनेचे दीड हजार रुपये जमा होतात, पाचशेच्या जवळपास रक्कम परस्पर कापली गेली. वार्षिक नूतनीकरण! नातू रडकुंडीला आला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2021 पासून अशी आपोआप होणारी वसुली करण्यापूर्वी किमान चोवीस तास आधी सूचना द्यावी लागते. सूचना आली होती. ती इंग्रजीत होती, आणि मावशी मराठी बायबल बोट ठेवून वाचतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी जाहीर केली आणि त्यांवर बंदी घातली. वर्गणी घेणे सोपे आणि सोडणे अवघड करून ठेवणे ही त्यांतलीच एक. घेण्यासाठी एकदा अंगठा टेकला तर पुरे होते; सोडण्याची जागा शोधायला मला, सात वर्षे तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकलेल्या माणसाला, चहाचे दोन कप लागले.

बरे, पैसे भरून तरी हवे ते मिळते का? क्रिकेटचेच पाहा. 2023 च्या हंगामात आयपीएलचे सामने जिओसिनेमावर फुकट होते. फेब्रुवारी 2025 मध्ये ते आणि हॉटस्टार एक झाले, आणि पूर्ण सामन्यासाठी वर्गणी किंवा ठरावीक रिचार्ज लागू लागला. जुना एखादा सिनेमा आज एका ठिकाणी असतो, करार संपला की उद्या दुसरीकडे. वर्गणी भरूनही जाहिराती येतात. प्राइम व्हिडिओवर त्या भारतात 17 जून 2025 पासून सुरू झाल्या. प्रसार भारतीनेही 20 नोव्हेंबर 2024 रोजी 'वेव्ह्‌ज' नावाची स्वतःची सेवा सुरू केली आहे. मावशींना मी छपरावरची डीडी फ्री डिश सुचवली, जिला महिन्याचे भाडेच नाही. त्या म्हणाल्या, "ती आहेच की. पण तिच्यात पोरगं नसतं."

येथवर मी इतरांविषयी लिहिले. आता स्वतःविषयी.

मीही पाहतो. दिवसभराची कामे, शाळेची कागदपत्रे, भांडणे मिटवणे, हे सर्व झाल्यावर रात्रीची प्रार्थना म्हणायची आणि झोपायचे, असा क्रम आम्हांला लावून दिलेला होता. गेली काही वर्षे प्रार्थना आणि झोप यांच्या मध्ये एक भाग शिरला आहे. एक भाग म्हणून सुरू होतो आणि एकावर थांबत नाही. भाग संपतो तेथे प्रश्न लटकता ठेवलेला असतो, कोपऱ्यात आकडे उलटे मोजले जातात, आणि पुढचा भाग आपण काही न करता सुरू होतो. थांबायचे असेल, तर मात्र काहीतरी करावे लागते.

डिसेंबर 2024 मध्ये, नाताळ दहा दिवसांवर आलेला असताना, एका रात्री साडेदहाच्या सुमारास मी अशीच एक परदेशी गुन्हेकथा पाहत होतो. चित्रावर वरून एक पट्टी उतरली. चुडाव्याचा फोन. माझ्या मनात जे आले ते जसेच्या तसे लिहितो: नातू असेल, पुन्हा ते अॅप बंद पडले असेल, उद्या पाहू. मी बोटाने पट्टी वर सरकवली. फोन वाजून थांबला. पुन्हा आला नाही. तो भाग संपला. आकडे उलटे मोजले गेले. पुढचा भाग सुरू झाला आणि त्यातलाही बराचसा पाहून झाल्यावर, काही एक खटकून, मी फोन लावला.

काकांना संध्याकाळपासून श्वास लागत नव्हता. गाडी मिळत नव्हती.

तैलाभ्यंगाचे तेल व पवित्र भाकर घेऊन मी निघालो. थंडी होती. वाटेत रेल्वेचे फाटक बंद होते आणि एक मालगाडी संथपणे जात होती. मी डबे मोजले, का ते सांगता येणार नाही. चुडाव्याला पोहोचलो तेव्हा उशाशी दिवा लावलेला होता आणि काकांची हनुवटी पांढऱ्या फडक्याने बांधलेली होती. मी प्रार्थना म्हटली. ते केव्हा गेले, हे मी विचारले नाही. विचारले असते, तर मला वजाबाकी करावी लागली असती.

दफनविधीच्या प्रवचनात मी काकांच्या पांढऱ्या सदऱ्याविषयी बोललो. स्वतःविषयी काही बोललो नाही. माझ्या पापनिवेदनात हे मी सांगितले आहे आणि मला क्षमा मिळाली आहे, यावर माझी श्रद्धा आहे. परंतु ज्यांचे देणे होते, त्यांना सांगायचे राहिले होते. या अंकासाठी लेख मागितला गेला तेव्हा विषय हाच सुचला, आणि तो लिहायचा, तर आधी चुडाव्याला जाणे भाग होते.

गेल्या महिन्यात गेलो. पाऊस नुकताच उघडला होता. मुलाने आता आईसाठी वेगळी वर्गणी भरली आहे. छपरे दोन तर दोन. मावशी मोबाइल घेऊनच बाहेर आल्या, कारण मालिका अडली होती. मी तो हातात घेतला, वर्तुळ फिरत होते, आणि त्याच्याकडे पाहत मी बोललो. म्हणालो, "मावशी, त्या रात्री तुमचा फोन आला, तेव्हा मी जागा होतो. मोबाइल माझ्या हातात होता. मी सिनेमा बघत होतो."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आम्हांला वाटलं, निजले असतील. सकाळपासून हिंडून दमलेलं माणूस. म्हणून दुसऱ्यांदा लावला नाही."

मी मान वर केली नाही.

"पोरानं मग मोबाइलवर माळ लावली," त्या सांगू लागल्या. "तिसरं रहस्य चालू झालं आणि मधीच जाहिरात आली. कशाची तरी, साबणाची. ह्यांनी डोळे उघडून बघितलं. मग म्हटलं, बंद कर ते. आम्हीच तोंडानं म्हटली. ह्यांचे ओठ हलत होते पाचव्या रहस्यापर्यंत."

एवढे सांगून त्या उठल्या आणि चुलीकडे गेल्या. मी ओसरीवर मोबाइल धरून बसलो. वर्तुळ अजून फिरत होते. मग ते थांबले, चित्र हलले आणि तो पोलीस अधिकारी पुन्हा बोलू लागला.

"लागलं का?" आतून आवाज आला. "आवाज वाढवा जरा, फादर. पुण्याला रात्री सांगावं लागतं काय झालं ते."